लाल माकडांच्या वाटेवर बी म्वाका

जोझानीच्या जंगलाला खेटून असलेल्या गावात बी म्वाका, म्हणजे म्वाकाबाई, कुणावर चिडली नाही असा दिवस उजाडत नसे. नवऱ्यावर, कोंबड्यांवर, आणि सगळ्यांत जास्त लाल माकडांवर. सकाळी कळप जंगलातून यायचा, डांबरी रस्ता ओलांडून तिच्या परसातल्या बदामाची कोवळी पानं ओरबाडायचा आणि पोट जड झालं की तिच्या चुलीतला विझलेला कोळसा पळवायचा. दुपारी खाडीतल्या तिवरांत. वाट ठरलेली.

"मेल्यांनो, हाताला अंगठा नाही, तरी चोरी बरी जमते!" ती झाडू घेऊन धावायची. कळपात एक माकडीण होती: पांढऱ्या केसांची झालर, काळं तोंड, गुलाबी ओठ. माकडीण तिच्याकडे बघत शांतपणे कोळसा कुरतडायची.

"बघते कशी, माझ्या सासूसारखी!"

नवरा वुआई खोकल्यासारखं करून हसू दाबायचा.

एका सकाळी समुद्राकडच्या हॉटेलाला निघालेली गाडी सुसाट आली. पोटाशी पिल्लू असलेली माकडीण तिच्याखाली सापडली. ड्रायव्हर उतरला आणि गाडीचा फुटलेला दिवा चाचपू लागला.

"दिवा काय बघतोस? तुझे डोळे फुटले होते का?" म्वाका ओरडली.

"माकडच आहे ना, बी."

"माकड माझ्या दारातलं आहे! शिव्या द्यायच्या तर मी देईन. चिरडणारा तू कोण?"

तो निघून गेला. पिल्लू मेलेल्या आईला सोडेना. रात्रभर म्वाकाने ते अंगावरच्या कांग्याच्या कापडात गुंडाळून ठेवलं. सकाळी तेही गेलं.

तिने वुआईला हाताशी धरून नारळाचं खोड रस्त्यावर आडवं टाकलं आणि वर बसली. हॉर्न वाजले, शिव्या झाल्या, पोलीस आला.

"रस्ता सरकारचा आहे, बी."

"मग सरकारला बोलव. बसू दे माझ्या शेजारी!"

माकडं पलीकडे गेल्याशिवाय ती उठायची नाही. रोज सकाळी हेच. वुआई तिथेच चहा आणून द्यायचा. अखेर रस्त्यावर गतिरोधक झाले. ते बांधून घेणारे सरकारी साहेब म्हणाले, "बी, तुमचं माकडांवर फार प्रेम."

"प्रेम कसलं? बघायचं असेल तर माझं परस बघून जा!"

मरणं कमी झाली, थांबली नाहीत. एखादं माकड गाडीखाली सापडलं की म्वाका स्वतः खड्डा खणते, आणि गतिरोधकावर वेग कमी न करणाऱ्या प्रत्येक गाडीमागे अजूनही कुदळ उगारून धावते.