मधुकरभाऊंचा बैल

"मिक्सर थांबवता काय जी? थोडाच वेळ."

मधुकरभाऊ महाल भागातल्या आमच्या गल्लीत राहायला आले, त्यानंतर कितीतरी दिवस त्यांच्या तोंडून मी एवढं एकच वाक्य ऐकलं. मी चटणी वाटायला घ्यावी आणि हे बनियनवर, हात जोडून दारात उभे. आधी वाटलं, माणसाला आवाज सहन होत नसेल. पण संध्याकाळी त्यांच्याच घरातून अशी किंचाळी यायची, की पत्र्यावर कोणी खिळा ओढतंय असं वाटावं. मग कळलं, त्यांच्या मेहुण्यांनी मस्कतहून कम्प्युटर आणून दिला होता. पाटीएवढा डबा, तो टीव्हीला जोडायचा. खेळ कॅसेटवर असायचा आणि टेपरेकॉर्डरमधून त्या डब्यात शिरताना, म्हणजे त्यांच्या भाषेत लोड होताना, तो असा किंचाळायचा. मधेच कोणी मिक्सर लावला की गल्लीतलं व्होल्टेज पडायचं, आणि त्यांचं सगळं पुन्हा पहिल्यापासून.

बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. दिवसा कचेरीत नकाशे काढायचे, संध्याकाळी दार लावून त्या डब्यापुढे बसायचे. गल्लीतली पोरं त्यांच्या दाराला भ्यायची. किंचाळीच तशी होती, पोरांचा काय दोष.

त्या वर्षी पोळ्याच्या तोंडावर आमची मंजू जिन्यावरून पडली आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो. पोरं लाकडी बैल सजवून घरोघरी नेतात, घरची बाई बैलाला ओवाळते आणि पोरांच्या हातावर बोजारा ठेवते, म्हणजे खाऊ, चिल्लर, जे असेल ते. मंजूचा बैल रंगवून तयार होता, आणि पोरगी खाटेवर पडून रडत होती. तेवढ्यात मधुकरभाऊ मिक्सरचं सांगायला आले. मिक्सर बंदच होता, आवाज दुसऱ्या घरातून येत होता. त्यांनी मंजूकडे पाहिलं, बैलाकडे पाहिलं.

"रडू नको वं माय," ते म्हणाले, "तुझा बैल मी फिरवतो."

दोन-तीन दिवसांनी टीव्ही, टेप, डबा सगळं उचलून आमच्याकडे आले. पडद्यावर आमची गल्ली होती, चार-पाच घरं आणि मंजूचा बैल. मंजूने बटण दाबलं की बैल तुरुतुरु चालायचा, दारापुढे थांबला की घंटी वाजायची. खेळ त्यांनी स्वतः रचला होता. पोरगी खुदकन हसली. मला काही राहवलं नाही, मी ही बातमी अख्ख्या गल्लीला सांगितली.

झालं. दुसऱ्या दिवशी समोरच्या गंगाबाई हजर. "काहून वं, आमच्या घरानं काय पाप केलं?" तान्ह्या पोळ्याला बैलाने एखादं घर टाळलं, तर ते घर वर्षभर तुमच्याकडे पाहत नाही. मग सगळेच आले. कोणाला दार निळंच हवं, कोणाला दारातला कडुलिंब हवा, गंगाबाईंना त्यांची बकरी. मधुकरभाऊंना कोणाला नाही म्हणता येईना. कधी कोणाच्या उंबऱ्यावर न गेलेला माणूस प्रत्येक घरापुढे उभा राहून दारं-खिडक्या कागदावर उतरवू लागला, आणि घरोघरी चहा पिऊ लागला.

पण घरं वाढली तसा बैल अडखळू लागला. एक पाऊल टाकायचा आणि ठप्प. तान्हा पोळा दारात आलेला.

"काका, याचा पण पाय मोडला काय?" मंजूने विचारलं.

"पाहू. एका वेळी एकच गोष्ट काढायची," ते म्हणाले. "दोन संग काढल्या तर खोडी कोणाची हे कळतच नाही."

घंटी काढली, बैल ठप्पच. बकरी काढली, तरी तेच. बकरी गुपचूप परत घातली, गंगाबाईंच्या भीतीने. कडुलिंब काढला, दारांचे रंग काढले. शेवटी डोक्याला हात लावून बसले आणि एकदम हसायला लागले. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

"वहिनी, बैल तुमच्यावर गेला."

"म्हणजे काय हो?"

"मीच त्याले तसं सांगून ठेवलं. एकेका पावलाले तो साऱ्या गल्लीले विचारून राहिला, तुमचं दार आलं काय, तुमचं दार आलं काय. तुम्ही भाजीले निघता तसा."

आमचे हे तिकडे पेपरामागे खदखदत होते. मधुकरभाऊंनी मग बैलाला शिकवलं, की ज्या दारापुढे उभा आहेस त्यालाच फक्त विचार. बैल तुरुतुरु चालू लागला.

दुसरं दुखणं मात्र राहिलंच. डब्यातली जागा संपली होती. मेमरी म्हणायचे ते तिला. सगळ्यांसाठी एकच घर रेखाटायचं आणि फक्त दाराचा, झाडाचा फरक वेगळा ठेवायचा, अशी काटकसर त्यांनी करून पाहिली. तरी एक घर जास्तच होत होतं. "कोणाचं गाळणार?" मी विचारलं. "पाहतो," एवढंच म्हणाले.

तान्ह्या पोळ्याला आमच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. मंजूने बैल चालवला. जो तो आपलं दार आलं की ओरडायचा, गंगाबाईंनी बकरीला नमस्कार केला. बैल गल्लीच्या टोकाला गेला. मंजू तरी बटण दाबतच होती, बैल पडद्याच्या काठाला धडका देत होता.

"अटकला काय पुन्हा?" मधुकरभाऊ घाईने पुढे आले.

"नाही काका. तुमचं घर कुठी आहे?"

 मधुकरभाऊ वायर सारखी करू लागले. "जागा नव्हती बेटा. एक घर काढावंच लागत होतं. अन् माझ्याकडे तसंही कोणी येत नाही. दरसाल खाऊ आणून ठेवतो, संध्याकाळी मीच खातो. गोड आहे, वाया काहून घालवायचं."

चिडल्यासारखं किंवा दुखावल्यासारखं नाही, वायरकडे पाहत सहज बोलले ते. मंजूने बटण सोडलं, उशाशी ठेवलेला लाकडी बैल उचलला आणि वडिलांकडे हात केले. "बाबा, मले उचला."

प्लास्टरच्या पायासकट ह्यांनी तिला कडेवर घेतलं. मागे गल्लीतली सगळी पोरं आपापले बैल ओढत निघाली, किंचाळीच्या घराकडे. मधुकरभाऊ पुढे धावत जाऊन कुलूप काढत होते, किल्ली लागत नव्हती. घरात ओवाळायला बाई नाही, म्हणून ओवाळलं मी. रेवड्यांचा एकच पुडा होता, तो कुठून पुरायचा. शेवटच्या पोरांच्या हातावर त्यांनी साखर ठेवली आणि प्रत्येकाला म्हणत होते, "पुढच्या साली जास्त आणतो गा."

पुढच्या साली खरंच पिशवीभर आणल्या. पोरांची भीती तर त्या दिवशीच गेली होती. त्यानंतर किंचाळी सुरू झाली की पोरंच गल्लीभर धावायची, "मिक्सर बंद करा, काकांचा बैल येऊन राहिला." आणि बाया करायच्या बंद, कुरकुरत का होईना.

नोकरी संपल्यावर ते बहिणीकडे कन्हानला गेले, तिथेच काही वर्षांनी वारले. गल्ली सोडून जायच्या दिवशी रिक्षात डबा मांडीवर घेऊन बसले होते. मी चटणी वाटत होते. खिडकीतून ते दिसले आणि माझा हात आपोआप बटणावर गेला, मिक्सर थांबला.

त्यांनी वर पाहिलं. "चालू द्या वहिनी," म्हणाले, "आज काही लोड होऊन नाही राहिलं."

रिक्षा वळली. मिक्सर काही मी पुन्हा लावला नाही. त्या दिवशीची चटणी मी पाट्यावर वाटली.