काट्यावरचा गिरधर

केळी उत्पादक संघाच्या आवारातला भोंगा खरखरला आणि काट्यावरच्या हिलालचा आवाज आला, "गिरधर लटकेल शे. गाडीवालास्वन, दम धरा. गिरधर लटकेल शे."

वजनासाठी रांगेत उभ्या असलेल्या एका ट्रकमधून कोणीतरी ओरडलं, "लाथ घाल रे त्याले, आपेआप उठी!" रांगभर हसू पसरलं.

संचालकांच्या खोलीत गिरधर पाटील चहा पीत होते. संघावर ते नुकतेच निवडून आले होते. कप तसाच हातात धरून त्यांनी शिपायाला विचारलं, "हाऊ गिरधर कोन?"

"मशिन शे अप्पा. काट्यानं. मधमाच अडकी पडस."

"आनि नाव कोनी ठेवं?"

शिपायाने संगणकाच्या खोलीकडे हात केला. त्या खोलीत गिरधरांच्या मयत भावाची बायको, चारुलता, बसते.

चारुलताचं माहेर खापर गावचं. वडिलांचं तिथे किराण्याचं दुकान. शेजारचा दुकानदार त्यांच्या ओट्यासमोर मुद्दाम हातगाडी लावून गिऱ्हाईक अडवायचा. वडील भांडले नाहीत. त्यांनी घरच्या बैलाला त्याचं नाव दिलं. रोज सकाळी भर बाजारातून बैल नेताना ते मोठ्याने म्हणत, "सरक, मार खाशी का? किती खाशी, पोट शे का कोठार?" शेजारी ऐकत असे. आपल्या बैलाला बोलू नका, असं तो कोणाला सांगणार होता?

चारुलता लग्न होऊन ब्राह्मणपुरीला आली. नवरा मगन केळीच्या गाड्या भरून याच संघात आणायचा. एका दुपारी बागेतच त्याला हृदयविकाराचा झटका आला आणि तो गेला. संघाने चारुलताला टंकलेखनाच्या कामावर घेतलं. ती शहाद्यात दोन खोल्यांत राहू लागली. पुढे संघाने चार वेगळे संगणक घेण्याऐवजी एक दणकट सर्व्हर घेतला आणि तो सांभाळायला दुसरं कोणी पुढे येईना, म्हणून तो तिच्याकडे आला.

त्या एका लोखंडी पेटीत चार मशिनं चालतात. हात लावता येईल असं त्यांतलं एकही नाही. एक वजनकाट्याचं, एक हिशेबाचं, एक शीतगृहाचं, एक कॅमेऱ्यांचं. आपण स्वतंत्र संगणक आहोत, अशाच थाटात प्रत्येक जण वागतो. त्यांना आभासी मशिन म्हणतात. त्यांचा कारभार काळ्या पडद्यावर हुकूम लिहून होतो. हुकूम थेट मशिनकडे जात नाही. मागे एक प्रोग्राम सतत चालू असतो, त्याला डीमन म्हणतात. लिहिलेलं तो वाचतो आणि त्या त्या मशिनकडून करून घेतो. नाव घेतल्याशिवाय मात्र काही होत नाही. सुरू करायचं असो की बंद, हुकमात मशिनचं नाव लागतंच.

ही नावं पडली ती भाग्येशच्या लग्नानंतर.

भाग्येश गिरधरांचा मुलगा. अकरावी-बारावीला तो शहाद्यात चारुलताकडे राहिला. त्याचा डबा, त्याचे कपडे, परीक्षेच्या तोंडावर आलेला त्याचा ताप, सगळं तिने निभावलं. ब्राह्मणपुरीत त्याची हळद होती. बायका एकेक करून हळद लावत होत्या. चारुलताने दोन बोटांवर हळद घेतली आणि मोठी जाऊ, भाग्येशची आई मंगलाबाई हिने तिचं मनगट धरलं.

"तू ऱ्हाऊ दे वं चारू. विधवाना हात आज नको."

भाग्येश पाटावर खाली मान घालून बसला होता. मांडवाच्या दुसऱ्या टोकाकडून गिरधरांनी चार पाहुण्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "चारू, तू पंगतवर देख. ताक कमी पडी ऱ्हायनं."

तिने पंगतीला ताक वाढलं. हळद बोटांवरच वाळली. घरात आता एकच लग्न उरलं होतं, भाग्येशच्या बहिणीचं. रुपाला पहिली हळद आपण लावायची, आणि ती याच दोघांनी सर्वांसमोर बोलावून लावायला सांगायची, हे चारुलताने ताकाची बादली हातात असतानाच ठरवलं.

त्याच आठवड्यात सर्व्हरवर मशिनं नव्याने बसवायची होती. पडद्याने नाव विचारलं. काट्याच्या मशिनला तिने लिहिलं: गिरधर. हिशेबाच्या मशिनला: मंगला.

त्यानंतर तिचे दिवस बरे गेले. सकाळी ती गिरधरला उठवी, संध्याकाळी झोपवी. शटडाउन हा हुकूम म्हणजे विनंती असते; मशिन आपलं काम आवरून बंद होतं. अडून बसलेल्या मशिनसाठी दुसरा हुकूम आहे, डिस्ट्रॉय. नाव भयंकर असलं तरी त्याने काही पुसलं जात नाही, नुसती वीज तोडल्यासारखं होतं. चारुलता आधी विनंतीच करी. कामात ती लबाडी करत नसे. मंगला मात्र वरचेवर अडून बसे, आणि दुसरा हुकूम लिहिताना चारुलता घाई करत नसे.

काट्याच्या केबिनमधल्या पडद्यावर मशिनचं नाव वरच दिसे. हिलालने ते भोंग्यावर नेलं. तिने त्याला सांगितलं नव्हतं. अडवलंही नाही.

आता गिरधर तिच्या दारात उभे होते.

"हाई नाव तू ठेवं?"

"हां."

"जगमा दुसरं नाव नव्हतं?"

"व्हतं. पन हाई मशिन तुमनासारखंच शे अप्पा. वजन सगळास्नं सांगस, सोतानं नही."

"आजना आज बदल."

"चालू मशिननं नाव बदलता येस नही. बंद करनं पडी. बाहेर गाड्या कितल्या शेत, देखा."

"मंग रैवारले बदल. रैवारले काटा बंद ऱ्हास."

"रैवारले बदलता येई," चारुलता म्हणाली. "पन मी बदलनार नही."

"नोकरी जाई तुन्ही."

"काढा. ठराव करना पडी. ठरावमा कारण लिखनं पडी. ते बैठकमा वाची दाखाडनं पडी."

गिरधरांनी दुसऱ्या गटाच्या संचालकांचे चेहरे डोळ्यांपुढे आणले असावेत. ते तसेच मागे फिरले.

दुसऱ्या दिवशी ते नवनीतला घेऊन आले. नवनीत मंगलाबाईच्या भावाचा मुलगा, एका संस्थेत संगणक शिकवतो. चारुलताने उठून त्याला खुर्ची दिली. त्याने मशिनांची यादी उघडली. त्यात आत्याचंही नाव होतं. ते त्याने वाचलं आणि अप्पांना दाखवलं नाही. दुपारी त्याला आत्याकडेच जेवायचं होतं.

"अप्पा, डीमनच बंद करस. मंग सगळंच बंद, मंग नाव बदलसू," असं म्हणून त्याने हुकूम लिहिला आणि पुन्हा यादी मागितली. यादी आली नाही. "देखा. काहीच नही."

गिरधर प्रथमच हसले. तेवढ्यात भोंगा वाजला, "गिरधर चालू शे. पुढली गाडी ल्या."

डीमन थांबला म्हणजे हुकूम ऐकणारा गेला. मशिनं आपापली चालूच राहतात. हे नवनीतला ठाऊक नव्हतं असं नाही, घाईत आठवलं नाही.

"आते त्याले कोनीच थांबाडू शकस नही," चारुलता म्हणाली. "मी पन नही."

नवनीतने डीमन पुन्हा सुरू केला आणि जेवायला उशीर होतोय असं सांगून निघून गेला.

बातमी ब्राह्मणपुरीला पोचली. पारावरची मंडळी विचारू लागली, "काय अप्पा, आज लटकनात नही का?" रुपाची पत्रिका छापायला गेली त्या सुमारास गिरधर एकटेच चारुलताच्या खोलीत आले आणि न सांगता बसले.

"काय पायजे तुले?"

"रुपानी पहिली हळद. मन्हा हातनी. तुम्ही बलावशात, मंगलाबाई बलावतीन. सगळास्ना समोर."

"मंगला ऐकाव नही."

"मंग ऱ्हाऊ द्या."

बाहेर हिलाल भोंग्यावर सांगत होता की गिरधर सकाळपासून मंद चालतोय.

"आनि मन्हं नाव काढशी?" गिरधरांनी विचारलं.

"तुमनं नाव काढसू."

रुपाच्या हळदीला मांडव भरला होता. मंगलाबाईने ताट हातात घेतलं, नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने खाकरून म्हटलं, "चारू, ये. पहिली तू लाव." मंगलाबाईला तेच म्हणायला लागलं. तिचा आवाज बसका आला, म्हणून चारुलता जागची हलली नाही. मंगलाबाईला मोठ्याने पुन्हा म्हणावं लागलं. चार म्हाताऱ्या बायका आपसांत कुजबुजल्या. चारुलता पुढे गेली. तिने रुपाच्या दोन्ही गालांना, कपाळाला, हातांना सावकाश हळद लावली. रुपा म्हणाली, "काकू, अजून लाव ना." चारुलताने अजून लावली. मंगलाबाई ताट धरून उभी होती आणि ताट जड होतं.

रविवारी काटा बंद होता. चारुलता संघात गेली, गिरधरला शटडाउन लिहिलं, तो बंद झाल्याची खात्री केली आणि शब्द दिल्याप्रमाणे नाव काढलं. जागा रिकामी ठेवता येत नाही. तिने नवं नाव लिहिलं.

सोमवारी गिरधर संचालकांच्या खोलीत निवांत बसले होते. भोंगा खरखरला.

"मगन चालू शे. पहिली गाडी काट्यावर ल्या."

रांगेतून कोणी हसलं नाही. जुने गाडीवाले मगनला ओळखत होते. एकाने विचारलं, "आनि गिरधर रे?"

"गिरधर बंद," हिलाल म्हणाला. "आते मगनच शे."

गिरधर उठून संगणकाच्या खोलीच्या दारापर्यंत आले. धाकट्या भावाचं नाव काढून टाक, असं ते कोणत्या तोंडाने सांगणार होते?

"काही काम व्हतं का अप्पा?" चारुलताने पडद्यावरून नजर न काढता विचारलं.

"नही."

ते परत गेले. त्यांच्या खोलीची खिडकी आवाराकडेच उघडते. दिवसभर भोंगा मगन, मगन करत राहिला.

संध्याकाळी चारुलता रोजच्यासारखी काट्याचं आणि हिशेबाचं मशिन बंद करायला बसली. मंगलाने ऐकलं नाही, तेव्हा तिने दुसरा हुकूम लिहिला. मगनला तिने चालूच ठेवलं.