सात नंबर टेबलावरचा वेटर

मुलुंडच्या ज्या परमिट रूमचा मी आज मालक आहे, तिथे आधी बरीच वर्षं मी काउंटर सांभाळत होतो. मालक मालवणकडचे. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. गुडघे साथ देईनात तेव्हा त्यांनी धंदा सोडायचं ठरवलं आणि लायसन्स माझ्या नावावर करून द्यायला ते तयार झाले. त्यासाठी मी राहतं घर बँकेकडे गहाण टाकलं. नाव चढलं नसतं तर घरही गेलं असतं आणि नोकरीही. ही सबब नाही. तपासणीच्या दिवशी मी किती घाबरलेला होतो ते कळावं म्हणून सांगतो.

परमिट रूममध्ये दारू वाढणाऱ्या प्रत्येकाचा नोकरनामा लागतो. म्हणजे एक्साइजने दिलेला, फोटो लावलेला परवाना: हा माणूस या लायसन्सवर कामाला आहे. आमच्याकडे चौघांचे नोकरनामे कधी काढलेच नव्हते. "कागदावर घेतलं की उद्या फंड मागतील, परवा बोनस," असं काका म्हणायचे आणि मी मान डोलवायचो. पगार माझ्याच हातून वाटले जायचे, तेव्हा मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

तपासणी आली की आमची एक रीत ठरलेली होती. या चौघांनी जॅकेट काढून आत फेकायचं आणि गिऱ्हाईक होऊन वेगवेगळ्या टेबलांवर बसायचं. पुढ्यात सोडा आणि शेंगदाणे. त्यातही मस्करी चालायची. "काय घेणार साहेब? आज मी तुझा वेटर!" असं बाकीचे त्यांना चिडवायचे.

नावबदलाच्या अर्जावरची तपासणी भर दुपारी झाली. एक्साइजच्या इन्स्पेक्टर मॅडम दारात दिसल्या आणि मी डोळ्यांनी खूण केली. चौघे बसले. सात नंबरवर आमचा सगळ्यांत जुना वेटर. मूळचा जालन्याकडचा, मानखुर्दहून यायचा, माझ्याच वयाचा.

मॅडमनी जागेचा नकाशा पाहिला, बाटल्या तपासल्या, बाकीच्या वेटरांचे चेहरे नोकरनाम्यांवरच्या फोटोंशी ताडून पाहिले. सगळं सुरळीत चाललं होतं. इतक्यात आठ नंबरवरच्या खऱ्याखुऱ्या गिऱ्हाइकाचा धक्का लागून ग्लास आडवा झाला. सात नंबरवरचा आमचा माणूस ताडकन उठला. त्याचा हात खांद्यावर गेला, तिथे फडकं नव्हतं, म्हणून त्याने स्वतःच्या रुमालाने टेबल पुसलं, ग्लास उचलला आणि वाकून म्हणाला, "सॉरी सर, दुसरा आणू?"

"वाट लागली," मागून कोणीतरी पुटपुटलं.

मॅडम वळल्या. "तुमच्याकडची गिऱ्हाइकं फारच मनमिळाऊ दिसतात."

"जुने आहेत ना मॅडम, अगदी घरच्यासारखे," काउंटरमागून काका घाईघाईने म्हणाले.

मीही तेच म्हणणार होतो. पण त्याआधी तोच बोलला. हातात तो रिकामा ग्लास तसाच धरून. "हो मॅडम, मी गिऱ्हाईकच आहे. या लोकांना मी ओळखत पण नाही."

माझं लायसन्स वाचावं म्हणून तो मला ओळखत नव्हता. माझ्या आईच्या आजारपणात हॉस्पिटलमध्ये माझ्याबरोबर बसून राहिलेला माणूस. मला स्वतःची इतकी लाज त्याआधी वाटली नव्हती. भीती मात्र, का कोण जाणे, एकदम गेली.

"मॅडम, तो आमचा वेटर आहे," मी म्हणालो. "अजून तिघे आहेत. त्या पंख्याखालचा, खांबाजवळचा आणि तो शेंगदाणे खातोय तो. कुणाचाच नोकरनामा नाही. खूण मी केली होती."

शेंगदाणे खाणाऱ्याने बशी बाजूला सारली.

मॅडमनी शांतपणे सगळं लिहून घेतलं. केस सध्याच्या मालकावर, म्हणजे काकांवर होणार होती. ती मिटेपर्यंत आणि चौघांचे नोकरनामे निघेपर्यंत नावबदल अडकला.

त्या जाताच काका उसळले. "तुका गप ऱ्हवाक काय झाला रे मेल्या? जाता जाता माझ्या नावार केस घातलंस! आता बघ, तुझ्या अर्जार सही करतंय काय मी!"

चौघांना मी कागद होईपर्यंत घरी बसायला सांगितलं, पगार चालू ठेवला. जालनावाला जाताना म्हणाला, "भाऊ, माझा हातच ऐकला नाही हो." मी म्हटलं, "बरं झालं. माझं तोंड उघडलं."

काका फोन उचलत नव्हते. घर जाईल याची मला कल्पना होती, तरी रात्री झोप लागत होती. रविवारी सकाळी मी त्यांच्या घाटकोपरच्या घरी गेलो. स्पष्ट सांगितलं, "काका, दंड मी भरतो. माझ्या अर्जावर सही नाही केलीत तर मी भांडणार नाही. पण अजून लायसन्स तुमचं आहे. चौघांच्या अर्जांवर सही तुम्हीच करायला हवी. त्यांचे पाय अजून चालतायत, त्यांना कामावर यायचंय."

काका बराच वेळ गुडघे चोळत बसले. काकूंनी चहा आणला, तो निवला. मग त्यांनी चष्मा मागवला.

"खंय करू सही, ता दाखय."

मी आधी चौघांचे अर्ज पुढे केले. माझा सगळ्यांत खाली ठेवला होता.