अंगणात चालवलेला बैल

शहापूरला एसटी स्टँडच्या मागे एका गाळ्यात कॉम्प्युटरचा क्लास होता. बारावीनंतर बाबांनी मला तिथं घातलं. ते मुरबाडच्या एका कारखान्यात पाळीवर जायचे आणि तिथल्या ऑफिसात कॉम्प्युटर येणाऱ्या मुलींना घेतात, असं त्यांच्या कानावर आलं होतं. आमचं गाव शहापूर-मुरबाड रस्त्यावरचं, घरी भातशेती. कॉम्प्युटर मी तोवर फक्त बँकेत, काचेपलीकडे पाहिला होता.

क्लास एक मॅडम चालवायच्या. त्या काळी आमच्याकडे लोडशेडिंग फार. लाइट आली की मॅडम एकेक मशीन पुन्हा चालू करत फिरायच्या. माझा तास संपलेला असला तरी विचारायच्या, "तुझ्या गाडीला टाइम आहे ना? मग बस की." असं नुसतं बसता बसताच मी पुढचं सगळं शिकले. त्याचा वेगळा हिशेब त्यांनी कधी लावला नाही.

एका मशीनवर कुणीतरी सीडीवरून गेम टाकून ठेवला होता. गाव वसवायचं, शेती करायची, शत्रू आला की लढायचं. मला खेळण्यापेक्षा तो कुठं ठेवलाय याचीच उत्सुकता. फोल्डर उघडता उघडता एक चित्र सापडलं. भडक गुलाबी रंगावर एकच घोडा ओळीनं पुन्हा पुन्हा काढलेला. आधी वाटलं, फाइल बिघडली. मग नीट पाहिलं तर प्रत्येक घोड्याचे पाय थोडे वेगळे होते. हीच चित्रं एकामागून एक भराभर दिसली की घोडा चालतो, हे डोक्यात आलं आणि मी खुर्चीतच ताठ झाले.

शेजारच्या फाइलमध्ये लाकूडतोड्या होता. पेंटमध्ये उघडून त्याची लाल टोपी मी एकेक ठिपका भरत पांढरी केली, सगळ्या चित्रांत. गेम सुरू केला. झोपडीतून पांढऱ्या टोपीचा माणूस बाहेर आला आणि खांद्यावर कुऱ्हाड टाकून झाडीकडे निघाला. मी ओरडलेच. मॅडम धावत आल्या. आता बोलणी बसणार असं वाटलं, पण त्या वाकून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हा तर आपल्याकडचा झाला गं! त्याला धोतर पण नेसव."

नंतर त्यांनीच इंटरनेटवर शोधून दिलं. असे गेम बदलणारे लोक जगभर होते. बदललेल्या गेमला ते मॉड म्हणायचे आणि त्यातल्या छोट्या हलत्या चित्रांना स्प्राइट. त्यांची एक साइट होती, तिथं एकमेकांची चित्रं बघून सल्ले द्यायचे. मी ठरवलं, त्या गेममध्ये बैल नाही, आपण घालायचा.

पहिला बैल पांढरी चौकट घेऊनच शेतात उतरला, जणू पत्र्यावर रंगवून उभा केलाय. तेव्हा उलगडलं की ती भडक गुलाबी जागा गेमला दिसतच नाही. जिथं काही नको तिथं तो रंग भरायचा. चौकट गेली, पण बैल काही चालेना. पाय हलायचे आणि अंग भलतीकडेच सरकायचं. एके दिवशी पहिल्या पाळीवरून येताना बाबा मला न्यायला क्लासवर आले. मी त्यांना स्क्रीनसमोर बसवलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"ह्यो चालत नाय गो," ते म्हणाले. "शेवाळावरून घसरल्यासारका करतोय."

"मग आधी कुठला पाय उचलतो, सांगा ना."

"इतकी वर्सं त्याच्या मागं चाललो," ते हसत म्हणाले, "पन ते कदी बगितलाच नाय."

रविवारी सकाळी त्यांनी बैलाला अंगणात आणलं. अंगण नुकतंच सारवलेलं. आईनं आधी कपाळाला हात लावला, मग कोरड्या बाजूनं न्या म्हणाली. बाबा कासरा धरून एक पाऊल चालवायचे, थांबवायचे. मी पायरीवर बसून कागदावर काढायची. मागचा पाय पुढं येतो, त्यानंतर त्याच बाजूचा पुढचा उचलतो, मग दुसरी बाजू. मानही प्रत्येक पावलाला खालीवर होते. बैलाला आधी काही कळेना, मग तोही सवयीनं आपणच थांबायला लागला. रस्त्यानं जाणाऱ्या एका काकांनी विचारलं, "बैल लंगडतोय का रं?"

"नाय नाय," बाबा म्हणाले, "पोरीला त्याचा पाय शिकायचाय."

मी तो बैल साइटवर टाकला. माझं इंग्रजी मोडकं, तेही मॅडमनी तपासलेलं. दोन दिवसांनी उत्तर आलं. लिहिणारं माणूस कुठल्या देशातलं, बाई की पुरुष, हे मला आजही माहीत नाही. त्यानं लिहिलं होतं की चाल फार छान जमलीय, पण या गेममध्ये ऊन डावीकडून पडतं आणि तुझ्या बैलावर ते दोन्ही बाजूंनी पडलंय. सोबत त्यानं माझाच बैल सावली दुरुस्त करून पाठवला होता आणि कुठले ठिपके का बदलले, तेही सांगितलं होतं. अनोळखी मुलीच्या एका बैलासाठी कुणी इतका वेळ घालवावा! मी ते चित्र इतकं मोठं करून पाहिलं की बैल दिसेनासा झाला, नुसते रंगीत चौकोन उरले. उजेड कसा रंगवायचा, हे मी त्या चौकोनांवरून शिकले.

पुढं तो बैल एका मॉडमध्ये गेला. श्रेयनामावलीत कुठलं नाव लिहू, असं ते मॉड करणाऱ्यांनी विचारलं. मी आपल्या पद्धतीनं पूर्ण नाव कळवलं: माझं, मग बाबांचं, मग आडनाव. मॅडमचंही नाव देते म्हटलं, तर त्यांनी मला हटकलं. "मी काय केलं? मशीन चालू ठेवलं." मी तरीही त्यांचं नाव पाठवलं.

मॉड आल्यावर बाबा कारखान्याच्या कपड्यांतच क्लासवर आले. स्क्रीनवर खालून वर सरकणाऱ्या परदेशी नावांमध्ये त्यांना स्वतःचं नाव दिसलं. ते मॅडमना म्हणाले, "परत एकदा लावा ना." दुसऱ्यांदा त्यांनी बोट टेकवून मॅडमचंही नाव वाचून दाखवलं आणि मॅडम उगाचच माऊसची वायर सरळ करायला लागल्या.

कारखान्याच्या ऑफिसात मी कधी गेले नाही. मोबाइलवरच्या गेमसाठी स्प्राइट काढणं हेच माझं पोटापाण्याचं काम झालं, तेही गावात राहून. आता साइटवर कुणी नवखं आपलं पहिलं चित्र टाकतं, तेव्हा हातातलं काम बाजूला ठेवून मी ते उतरवून घेते, सावली कुठं चुकलीय ते बघते, आणि आधी जे जमलंय ते लिहिते.