चेन अडकली तर खोबरेल

आमच्या मेधाने आयुष्यात गोठलेलं तळं पाहिलेलं नाही. बर्फ म्हणाल तर आमच्या फ्रीजरच्या भिंतीला धरतो तेवढाच. आणि थंडी म्हणजे इथे सिंगापूरला पाया लेबार भागातल्या तिच्या ऑफिसातला एसी, ज्याच्यासाठी ती खुर्चीवर कायमची एक शाल ठेवून आहे. तर ही बाई गेली सहा वर्षं रोज सकाळी कॅनडातल्या लोकांना बर्फावर घालायच्या सुटांबद्दल सल्ले देते. मी तिचा नवरा असून मला हसू येतं, तर परक्यांना काय नावं ठेवायची.

नीट सांगतो. तिकडे हिवाळ्यात तळी गोठतात, इतकी की वरून गाडी नेता येते. मग लोक त्या बर्फाला भोक पाडतात, शेजारी स्टूल टाकून बसतात आणि भोकात गळ सोडतात. तास न् तास. का, ते मला विचारू नका. मला मासळी हवी असली तर मी पिशवी घेऊन बेडोकच्या मार्केटात जातो. पण त्यांना तसंच आवडतं. त्या बसण्यासाठी पायापासून हनुवटीपर्यंत एक जाडजूड सूट लागतो आणि त्या सुटाचा सगळा जीव त्याच्या चेनमध्ये असतो. कापड टिकतं, शिवण टिकते, पहिली जाते ती चेन. दातांत बर्फ भरतो, हातमोजे घालून ओढाताण होते, चेन ओढायचा रनर वाकडा होतो. मेधाच्या कंपनीची वॉरंटी अशी की शिवणीला पाच वर्षं आणि चेनला दोन. वापरून झिजली असेल तर काही मिळत नाही. आणि कंपनीने दिलेल्या मेणाऐवजी चेनला दुसरं काही फासलं असेल तर अजिबात नाही. ही शेवटची अट लक्षात ठेवा, पुढे तिनेच आमचा घात केला.

मेधा त्या वॉरंटीच्या टेबलावर बसते. तक्रार ऐकायची, फोटो बघायचे, चेन मुळात खराब होती की माणसाने खराब केली ते ठरवायचं. आपण सिंगापूरला सकाळी कामाला बसतो तेव्हा तिकडे आदल्या दिवशीची संध्याकाळ असते, म्हणजे लोक तळ्यावरून घरी येऊन, वैतागून फोन करतात. मेधा त्यांना आधी जेवलात का विचारते. मग गुडघे कसे आहेत, मुलगा आला होता का, आणि त्यानंतर चेन. तिच्या बॉसने, मिसेस गोहने, तिला कितीदा सांगितलं की इतकं बोलायचं कारण नाही. मेधा मान डोलावते आणि पुढच्याला जेवलात का विचारते. साताऱ्याची आहे. तिथे पोस्टमनलाही पाणी विचारल्याशिवाय पत्र घेत नाहीत.

आता माझी ओळख. मी प्रसन्न. मेधाच्या पासावर, म्हणजे तिच्या इथल्या कामाच्या परवान्यावर, राहतो. पुण्यातली नोकरी सोडून नऊ वर्षांपूर्वी तिच्या मागे आलो, तेव्हापासून घर, स्वयंपाक आणि आमच्या अवनीचा अभ्यास माझ्याकडे. अवनी अकरा वर्षांची. तिला मराठी कळतं, पण बोलायला लाज वाटते. मेधाची नोकरी आहे तोवर मेधाचा पास आहे आणि मेधाचा पास आहे तोवर आम्ही तिघं इथे. नोकरी गेली की चंबूगबाळं आवरून परत. हे आम्ही रोज बोलून दाखवत नाही, पण विसरतही नाही.

यंदाच्या जानेवारीत पासाचं नूतनीकरण आलं होतं. त्यातच ऑफिसात कुजबुज सुरू झाली की टेबलावरची निम्मी माणसं काढून फोनला उत्तरं द्यायला कॉम्प्युटर बसवणार. म्हणजे मिसेस गोह कोणाच्या अर्जावर सही करते आणि कोणाच्या नाही, हाच प्रश्न. मी मेधाला म्हटलं, या महिन्यात जरा मान खाली घालून राहा. ती बरं म्हणाली. आणि नेमकं त्याच महिन्यात एमिलचं प्रकरण उपटलं.

एमिल म्हणजे एक म्हातारा, कॅनडाच्या उत्तरेकडे कुठेतरी राहतो. नोव्हेंबरात त्याचा फोन आला होता की चेन अडकतेय, मेण संपलंय, दुकान लांब आहे आणि रस्ता बंद आहे. मेधाने सांगायला हवं होतं की मेण पाठवतो, तोवर थांबा. त्याऐवजी तिने विचारलं, घरात खोबरेल आहे का? होतं. त्याची सून केकमध्ये घालते म्हणे. मग मेधाने सांगितलं, थोडं कोमट करा आणि रनरला आतून लावा.

आता तुम्ही कपाळाला हात लावाल. लावा, मीही लावला. पण आपल्या घरांत काय असतं सांगा. बिजागरी करकरली, खोबरेल. अंगठी बोटात रुतली, खोबरेल. चप्पल चावली, डोकं दुखलं, कुलूप फिरेना, खोबरेल. साताऱ्यात थंडीच्या दिवसांत मेधाची आई खोबरेलाची बाटली उन्हात ठेवायची, कारण ते आत थिजून दगड झालेलं असायचं. आमच्याकडे दिवाळीच्या पहाटे बाटली गरम पाण्यात उभी करत. हे सगळं मेधाला ठाऊक होतं आणि मलाही ठाऊक होतं. पण नऊ वर्षं सिंगापूरला राहा. इथे खिडकीतली बाटली बारा महिने पाण्यासारखी वाहते. खोबरेल थिजतं, हे आम्ही साफ विसरून गेलो.

गंमत म्हणजे उपाय चालला. नोव्हेंबरात तिकडची थंडी अजून कोवळी होती आणि एमिलने चेन घरातल्या शेकोटीपाशी ओढून पाहिली. एमिलची चेन लोण्यासारखी सरकली आणि त्याने आवर्जून फोन करून आभार मानले. मेधा त्या दिवशी घरी आली ती अशी की जणू शोधच लावला. मीही कौतुक केलं, खोटं कशाला सांगू.

मग जानेवारी आला आणि तिकडे पारा उणे तिशीकडे गेला. एमिल सकाळी तळ्यावर जाऊन बसला. थर्मासभर कॉफी प्यायला. दुपारी कॉफीने आपलं काम केलं, एमिल उठला आणि हनुवटीखालची चेन ओढायला लागला. चेन हलेना. तेल थिजून रनर जागच्या जागी बसला होता. जितकी ओढाताण करावी तितकी ती अडकत गेली. शेवटी दोन भोकं पलीकडे बसलेला शेजारी मासे साफ करायची सुरी घेऊन आला आणि त्याने तो सूट गळ्यापासून पोटापर्यंत चिरला. एमिल वेळेत पोहोचला का, असं मी मेधाला विचारलं. ती म्हणाली, गप बस.

चिरलेल्या सुटाचे फोटो कंपनीकडे आले आणि फिरत फिरत मेधाच्याच टेबलावर पडले. एमिलने सोबत कळवलं होतं की तेल मी माझ्या मनाने लावलं, चूक माझी आहे, फक्त नवी चेन बसवायला काय पडेल ते सांगा. मेधाचं नाव कुठेही नव्हतं. नियमाप्रमाणे वॉरंटी बाद, मामला खतम.

त्या संध्याकाळी मेधा मेथी निवडत बसली आणि तिने मला हे सगळं सांगितलं. मी ऐकलं आणि सुटकेचा श्वास टाकला. म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. माणूस स्वतःच म्हणतोय चूक माझी, तर तू कशाला आ बैल मुझे मार करतेस? नंतर कधीतरी आपण त्याला एखादी भेट पाठवू. मी बराच वेळ बोललो. मी बोलायला लागलो की मला स्वतःचं पटतं. मेधा देठं मोडत राहिली आणि मग म्हणाली, "बाकीच्यांचं काय?"

मी विचारलं, बाकीचे कोण?

"एमिलची चेन चालली म्हणून मी डिसेंबरभर सगळ्यांना तेच सांगत होते, प्रसन्न. एमिलच्या शेजारी सुरी घेतलेला माणूस तरी होता. एखादं एकटं असेल तर?"

सूट ओला झाला तर तो अंगातून ताबडतोब काढावा लागतो, नाहीतर माणूस गारठून जातो, हे मेधानेच मला कधीतरी सांगितलं होतं. तरी मी हट्ट सोडला नाही. म्हटलं, मग गुपचूप फोन करून टाक सगळ्यांना. ते जमणार नव्हतं. नंबर ऑफिसातच दिसतात आणि प्रत्येक फोन रेकॉर्ड होतो. एक तर मिसेस गोहला सांगायचं, नाहीतर तोंड बंद ठेवून बर्फ वितळायची वाट बघायची.

अवनी सोफ्यावरून इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली, जस्ट टेल हर, लाह, स्कोल्ड करेल, देन फिनिश. मी तिच्यावर खेकसलो. म्हटलं, फिनिश आपण होऊ, कळतंय का? ती तोंड फुगवून आत गेली आणि माझी मेथीची भाजी कोणी धड खाल्ली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हरिश्चंद्राची ही नात मिसेस गोहच्या केबिनमध्ये जाऊन उभी राहिली आणि सगळं सांगून मोकळी झाली. मिसेस गोहने शांतपणे ऐकलं, फोटो पाहिले आणि एमिलला फोन लावून स्पीकरवर टाकला. खोबरेल कोणी सांगितलं, असं विचारलं. एमिल ठाम होता. कोणीही नाही, मी म्हातारा मूर्ख आहे, कुठेतरी वाचलं असेल. मिसेस गोहने मेधाकडे पाहिलं. ग्राहक स्वतः नाही म्हणतोय आणि रेकॉर्डिंग चालू आहे. मेधाने नुसतं गप्प बसायचं होतं. मी तिथे असतो तर तिच्या तोंडावर हात ठेवला असता.

मेधा फोनकडे वाकली. "एमिल, माझ्यासाठी खोटं बोलू नका. मी सांगितलं होतं. आणि तुमच्यासारखंच खूप जणांना सांगितलंय, त्यांना शोधायचंय."

एमिल म्हणाला, "मग माझ्याशी बोलत बसू नकोस, पोरी. उद्यापासून थंडी अजून वाढणार आहे."

मिसेस गोहने बाकीची कामं थांबवली. डिसेंबरचे मेधाचे सगळे फोन काढले गेले आणि अख्खं टेबल कामाला लागलं. मिसेस गोह स्वतः हेडसेट लावून बसली. निम्म्या लोकांनी खोबरेल लावलंच नव्हतं. काही जण पोट धरून हसले. एकाची चेन त्याच संध्याकाळी घरातच अडकली होती आणि त्याची बायको हेअर ड्रायर घेऊन ती सोडवत होती. त्याला फोन गेला म्हणून तो दुसऱ्या दिवशी तळ्यावर गेला नाही.

दुपारपर्यंत एकच नंबर उरला. इंग्रिड नावाच्या निवृत्त शिक्षिका. तळ्याकाठी एकट्या राहतात, एकट्याच गळ टाकायला जातात. फोन वाजत राहिला, कोणी उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मिसेस गोहने तिथल्या पोलिसांना कळवलं. मेधा घरी यायची, ताटावर बसायची आणि उठायची. मीही पास, भाडं, शाळा सगळं विसरलो होतो. न पाहिलेल्या त्या बाईंसाठी मी देवापुढे दिवा लावला. एरवी मी उदबत्तीही विसरतो.

तिसऱ्या दिवशी फोन उचलला गेला. इंग्रिडबाई लेकीकडे गेल्या होत्या, आणि घरी परतल्यावर पोलीस दाराशी आलेले बघून चांगल्याच तापल्या होत्या. मेधाने खोबरेलाचं विचारलं तर म्हणाल्या, खायची वस्तू कपड्यांना कोण फासतं, मी तुमचं ऐकलंच नव्हतं. मेधा सॉरी म्हणाली, थँक्यू म्हणाली आणि जेवलात का विचारायचं विसरली.

एमिलला नवा सूट मिळाला. मिसेस गोहने नोंद केली की सल्ला आमच्या टेबलावरून गेला, म्हणजे चूक कंपनीची, म्हणजे वॉरंटी लागू. हे झालं एमिलचं. मेधाचं काय, ते कोणी बोलेना. मुख्य ऑफिसला कळवलंय एवढंच कळलं. आठवडा तसाच गेला. मी दिवसा घरात कोणी नसताना पलंगाखालची मोठी बॅग बाहेर काढली, तिचं हँडल चालतं का बघितलं आणि पुन्हा आत ढकलली. अवनीला काही सांगितलं नाही. पण तिने शाळेच्या सहलीचे पैसे भरू नका असं आपणहून सांगितलं, तेव्हा कळलं की तिला सगळं समजतंय.

शुक्रवारी मी आमटीला फोडणी टाकत होतो आणि मेधा वेळेच्या आधीच घरी आली. पर्स खांद्यावर तशीच ठेवून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. मी म्हटलं, गेली ना नोकरी? काही हरकत नाही, मी साताऱ्याला दुकान टाकीन, तुझ्या आईकडे वरची खोली आहे. मी काय काय बोलत होतो ते माझं मलाच कळत नव्हतं.

मेधा म्हणाली, सही झाली.

लेखी ताकीद मिळाली होती. यापुढे घरगुती उपाय बंद. पण सही झाली. मेधाने मिसेस गोहला का, असं विचारलं. तिने कागदावरून मान वर न करता सांगितलं, "एमिल नाही म्हणाला तिथेच कॉम्प्युटरने केस बंद केली असती. मग इंग्रिडला फोन कोणी केला असता?"

यावर मला काहीतरी खवचट बोलायचं होतं. पण एवढा मोठा बाप्या, हातात पळी घेऊन ओट्यापाशी ढसाढसा रडायला लागलो. अवनी खोलीतून धावत आली आणि माझ्या कमरेला मिठी मारून स्वच्छ मराठीत म्हणाली, बाबा, रडू नको. मेधा पुढे आली, मला वाटलं जवळ घेईल. ती म्हणाली, फोडणी जळतेय, आधी गॅस बंद कर.