टेपमधली दोन बोटं

मास्तर नाकावर माशी बसू देत नसत. साखरेनं अंग पार वाळवलं, हात थरथरायला लागले, शिलाई मशीन सुनेकडे गेलं, तरी दुकानातला रुबाब त्यांचाच. मध्यंतरी स्वतःसाठी पँटचं कापड काढलं, तेव्हा सून टेप घेऊन पुढे आली.

"माझं माप मला सांगणार तू? छत्तीस! लग्नापासून छत्तीस!"

पँट शिवून झाली आणि कमरेवर राहीना. मास्तरांनी सगळं खापर सुनेवर फोडलं, तेही गिऱ्हाइकांदेखत. "शिलाई बघा हिची, पोतं शिवलंय!" बिचारीनं पँट उसवली आणि पुन्हा शिवली. छत्तीसच.

त्याच पँटमध्ये मास्तर बसले होते तेव्हा हॉस्पिटलमधून एक मुलगी आली. जुन्या दुखण्याच्या म्हाताऱ्यांना स्वतःबद्दल काय वाटतं, हे ती मोजत फिरत होती.

"आजोबा..."

"मास्तर म्हण."

"बरं, मास्तर. 'आजार आला तरी मी तोच माणूस आहे.' पूर्ण पटत असेल तर पाच, अजिबात नसेल तर एक."

"पाच. याच्या वरचा आकडा नाही का?"

"'माझ्यावाचून घरच्यांचं अडतं.'"

"पाच! हिला धड शिवता येत नाही. अजून मीच कापून देतो. थांब, दाखवतो."

इतका वेळ डावा हात गुपचूप कमरेशी होता. पण कात्री आता एका हाताला पेलत नव्हती. मास्तर उठले, दोन्ही हातांनी कात्री उचलली आणि पँट सरळ घोट्यापाशी. खाली पट्ट्यापट्ट्यांची चड्डी आणि दोन काटक्या.

मुलीनं मान मोबाइलमध्ये घातली. सुनेनं धावत येऊन अर्धवट शिवलेला झगा पुढे धरला. "माझंच चुकलं हो," ती मुलीला म्हणाली. "शिलाई ढिली राहिली माझी."

पँटचं एक वेळ हसण्यावारी नेता आलं असतं. पण हे ऐकून मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पँट वर ओढून ते खाली बघत उभे राहिले. सुनेकडे बघायची लाज वाटत होती.

"मी नंतर येते," मुलगी पुटपुटली.

"बस तू." मग सुनेला म्हणाले, "टेप आण."

गिऱ्हाईक उभं राहतं तसे ते हात वर करून उभे राहिले. सुनेनं कमरेला टेप गुंडाळली.

"चौतीस."

टेपच्या आत सुनेचा अख्खा पंजा होता. मास्तरांना तो पोटाशी चांगला जाणवत होता. कपडा सैलसर बसावा म्हणून टेपमध्ये दोन बोटं घालायची, हे त्यांनीच तिला शिकवलं होतं.

"हात काढ," ते हळूच म्हणाले. "दोन बोटं."

टेप हाडाला टेकली.

"तीस," सून कुजबुजली.

"मोठ्यानं सांग."

"तीस, बाबा."

मास्तरांनी हात खाली घेतले. "शिलाई ढिली नव्हती," ते मुलीला म्हणाले. "माप माझं चुकलं होतं. आधी ते लिही. आकडे मग सांगतो."