सुईणबुवांची रजा

त्याच्या आईला विचाराल तर तो पोटाचा डॉक्टर आहे. तसं ते खोटंही नाही. पण त्यामुळे घरी येणारा प्रत्येक मामा-काका शर्ट वर करून गॅसची तक्रार सांगतो आणि हा बिचारा निमूटपणे पोट दाबून बघतो. मुलगा बाळंतपणं करतो, हे चारचौघांत सांगायची आईला लाज वाटते. खरं सांगायचं तर सुरुवातीला त्यालाही वाटायची. कॉलेजात सगळे त्याला सुईणबुवा म्हणतात. विभागात शिकणाऱ्या सगळ्या मुली, त्यात हा एकटा बुवा, मग दुसरं काय म्हणणार?

एके दिवशी संशोधन करणाऱ्या एक बाई कॉलेजात आल्या. डॉक्टरकी शिकणारी मुलं-मुली कुठला विषय निवडतात, का निवडतात, आणि बाई किंवा पुरुष असण्याचा त्यात किती हात असतो, असा त्यांचा विषय. त्यांना खरं तर मुलींशीच बोलायचं होतं. पण बुवा दिसला आणि त्यांचे डोळेच चमकले. रेकॉर्डर चालू करून त्यांनी हळुवारपणे विचारलं, "या विभागात पुरुष असल्याचा त्रास होतो का हो?"

झालं! इतक्या प्रेमाने त्याला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. पेशंटच्या सासूने "हा नको गं बाई" म्हणत दाराबाहेर कसं काढलं, ते त्याने सांगितलं. कपडे बदलायला पुरुषांची खोली नाही, म्हणून चादरींच्या कोठीत एका पायावर उड्या मारत पँट कशी बदलावी लागते आणि नेमकी तेव्हाच आयाबाई चादर न्यायला कशी येते, तेही सांगितलं. बाईंनी चहा मागवला. बुवाला स्वतःची इतकी दया आली, की आवाज घोगरा झाला. बाहेर पडला तो हुतात्म्याच्या चालीने.

बाहेर बाकावर तो जिला मास्तरीण म्हणायचा ती बसली होती, मुलाखतीला तिचा नंबर पुढचा. ही त्याच्याच वर्गातली, पण सुई धरायला त्याला शिकवलं ते हिने. मूल आडवं आहे हे नुसत्या हाताने कसं ओळखायचं, तेही हिनेच. टाका चुकला की ती एवढंच म्हणायची, "उसव." आपली सगळी हुशारी म्हणजे आयत्या पिठावरच्या रेघोट्या आहेत, हे बुवाला ठाऊक होतं आणि तो ते हसत हसत सांगायचाही. हसत सांगितलं की फुकटात मोठेपणा मिळतो, हेही त्याला ठाऊक होतं.

विभागात शिकवणाऱ्याची एकच कायमची जागा निघाली होती. दोघांनाही ती हवी होती, मास्तरणीला तर जिवापाड. बुवाने मनातल्या मनात तिचं अभिनंदनही करून टाकलं होतं. मिळणारच नाही ते सोडायला काय जातं?

त्याच दुपारी विभागप्रमुख मॅडमनी त्याला बोलावलं. "जागा तुला देतेय. सोमवारी रुजू हो."

"थँक्यू मॅडम," बुवा म्हणाला. तोंड मेलं आधी पळतं, अक्कल मागून येते. "पण मॅडम, ती माझ्यापेक्षा चांगली आहे."

"ते तू मला सांगतोस? मीच तयार केलंय तिला." मॅडमनी चष्मा काढून ठेवला. "पण तिचं लग्न ठरतंय. उद्या दिवस जातील, मग रजा आली. मी दोनदा घेतली, तेव्हा माझ्या पाठीमागे लोक काय काय बोलले ते या कानांनी ऐकलंय. पुन्हा तो घोळ नको. तुझं आपलं बरं आहे, रजा नाही की कटकट नाही."

अख्ख्या जगाची बाळंतपणं उरकणाऱ्या विभागाला घरचं एक परवडत नव्हतं. बुवा हे तोंडावर बोलणार होता. पण वाक्य काय झकास जमलंय, या आनंदात बोलायचंच राहिलं आणि तो बाहेर आला.

चादरींच्या कोठीत जाऊन बसल्यावर त्याची कानशिलं तापली. सासूने दाराबाहेर काढलं म्हणे! आणि आता मास्तरणीला कोण काढत होतं? त्याला शरम वाटली, अगदी खरी. त्याच वेळी जागा मिळाल्याच्या उकळ्याही फुटत होत्या. अशा माणसाचं करायचं तरी काय?

शेवटी तो उठला आणि परत मॅडमच्या दारात गेला.

"मॅडम, माझंही लग्न ठरतंय."

"अरे वा!"

"मूल झालं की मी रजा घेणार. चांगली लांबलचक. बायको कामावर जाईल आणि मी घरी बसेन. म्हणजे रजेच्या बाबतीत आम्ही दोघं सारखेच. आता जिचा हात चांगला, तिला जागा द्या."

लग्न खरंच ठरत होतं. रजेचं मात्र त्याला दारात सुचलं होतं, आणि होणाऱ्या बायकोला त्याचा पत्ताही नव्हता.

मॅडमचे डोळे पाणावले. कोपऱ्यात फायली लावणाऱ्या सिस्टरना त्या म्हणाल्या, "सिस्टर, ऐकलंत का? हा मूल सांभाळायला रजा घेणार म्हणतोय!"

"गुणाचा हो," सिस्टर म्हणाल्या.

"असा माणूस मी हातचा सोडेन होय? सोमवारी ये."

बुवा हात दाखवून अवलक्षण करून घ्यायला गेला होता, तर या बायकांना त्याच्या हातावर राजयोग दिसला!

मास्तरीण सहीचे कागद घेऊन दाराशी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती तशीच वळून चालू लागली. बुवा तिच्यामागून धावला.

"मी जागा सोडतो. आत्ता जाऊन नाही म्हणून सांगतो."

"नको रे बाबा," ती म्हणाली. तिचे डोळे लाल झाले होते. "तू नाही म्हणालास तर तुझं अजून कौतुक होईल. ते मला नाही सोसवायचं."

आणि ती लेबर रूमकडे निघून गेली.